घरासमोरचे झाड : टोरंटो महापालिकेच्या मोफत वृक्षलागवड सेवेचा तीन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

टोरंटो महापालिका घरमालकाने विनंती केल्यास त्याच्या घरासमोरच्या सरकारी पट्ट्यात विनामूल्य झाड लावून देते. इथे रस्त्याची हद्द डांबरापाशी संपत नाही. घरासमोरच्या हिरवळीचा बराचसा भाग आपणच कापत आणि राखत असलो तरी कागदोपत्री तो महापालिकेचा असतो, आणि ही सेवा तेवढ्या भागापुरतीच आहे. आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात स्कारबरोमधील आमच्या घरासाठी ३११ या क्रमांकावर फोन करून मागणी नोंदवली, २०२२ च्या वसंतात झाड लागले आणि आता त्याने तीन हिवाळे काढले आहेत. झाडाविषयीचा अभिप्राय पहिल्या वर्षी देऊ नये, असे माझे मत आहे. नवे झाड पहिल्या वर्षी रोपवाटिकेत साठवलेल्या शिदोरीवर तगते. आपल्या मातीत त्याची मुळे खरोखर रुजली की नाही, हे तिसऱ्या वर्षी कळते. म्हणून एवढे थांबून लिहिते आहे.

आमच्या घरासमोर पूर्वी ॲशचे मोठे झाड होते. आम्ही घर घेतले तेव्हा त्याच्या जागी हिरवळीत एक खोलगट वर्तुळ तेवढे उरले होते आणि गल्लीत तशी वर्तुळे दर दोन-तीन घरांआड दिसत होती. आशियातून आलेला एमराल्ड ॲश बोरर हा हिरव्या चकाकीचा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइट आणि विंडसरच्या परिसरात प्रथम ओळखला गेला आणि २००७ मध्ये टोरंटोत सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा रस वाहून नेणारा थर नागमोडी पोखरत जातात आणि झाड वरून वाळत येते. शहरात तेव्हा ॲशची सुमारे ८ लाख ६० हजार झाडे होती. त्यापूर्वीच्या पिढीने हेच दुःख एल्मच्या बाबतीत पाहिले होते. बुरशीमुळे होणाऱ्या डच एल्म रोगाने उत्तर अमेरिकेतील रस्तेच्या रस्ते उघडे पडले आणि त्या मोकळ्या जागी अनेक शहरांनी जी झाडे लावली, त्यांत ॲश आणि नॉर्वे मेपल यांचा भरणा मोठा होता. एका जातीवर भिस्त ठेवल्याने झालेली हानी भरून काढताना पुन्हा दोन-तीन जातींवरच भिस्त ठेवली गेली. मुंबईत वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला आणि सावलीचे जुने रस्ते वाळलेल्या फांद्यांनी भरले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या सेवेत सर्वांत महत्त्वाचा भाग खड्डा खणण्याचा नसून जात निवडण्याचा आहे, आणि बहुतेक लोक तिथेच सर्वांत कमी विचार करतात. आमच्या मनातही प्रथम शुगर मेपलच होता. कॅनडाच्या झेंड्यावर मेपलचे पान, शरद ऋतूत त्याचा केशरी भडका, त्यामुळे घरासमोर तोच असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शुगर मेपल हे मूळचे जंगलातल्या भुसभुशीत, ओलसर, पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीतले झाड आहे. रस्त्याकडेची घट्ट बसलेली माती त्याला सोसत नाही आणि हिवाळ्यात टाकले जाणारे मीठ तर मुळीच सोसत नाही. बागेत किंवा मागच्या अंगणात जागा असेल तर तो जरूर लावावा. फुटपाथला लागून लावणे म्हणजे त्याला आयुष्यभर अर्धपोटी ठेवणे होय.

जागा पाहायला आलेल्या महापालिकेच्या तज्ज्ञ बाईंनी आधी मान वर करून विजेच्या तारा कुठून जातात ते पाहिले, मग ड्राइव्हवेपासूनचे, पाण्याच्या नळापासूनचे आणि दिव्याच्या खांबापासूनचे अंतर मोजले, बुटाच्या टाचेने माती दाबून पाहिली, आणि मगच आम्हाला काय हवे ते विचारले. हा क्रम मला फार आवडला. अंतिम निर्णय त्यांचा असतो, हे मागणी नोंदवणाऱ्याने आधीच मनाशी धरून चालावे. तारा डोक्यावर असत्या तर सर्व्हिसबेरीसारखे लहान झाड मिळाले असते. तेही वाईट नाही, कारण वसंतात पांढरा फुलोरा, जूनमध्ये खाण्याजोगी जांभळी फळे आणि उंची तारांच्या खाली राहणारी. आमच्या बाजूला तारा नसल्यामुळे मोठ्या वाढीच्या तीन जाती समोर ठेवल्या गेल्या : बर ओक, हॅकबेरी आणि केंटकी कॉफीट्री.

बर ओक हा विनिपेगच्या माळरानावरची थंडी काढणारा ओक आहे. त्याची साल जाड, बुचासारखी, आयुष्य शतकांचे. वाढ मात्र संथ, आणि मूळ सरळ खोल जाणारे असल्यामुळे मोठे झाड उपटून दुसरीकडे लावले की ते बराच काळ रुसते. हॅकबेरी हे दिसायला साधे झाड आहे, खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि पानांवर बारीक गाठी येतात, पण त्या गाठींनी त्याचे काही बिघडत नाही आणि शहरातली वाईट माती, वारा, कोरडेपणा ते निमूटपणे सोसते. आम्ही निवडली कॉफीट्री. नावात कॉफी असली तरी कॉफीशी तिचा संबंध एवढाच की युरोपातून आलेले वसाहतकरी तिच्या बिया भाजून कॉफीऐवजी वापरत. कच्च्या बिया आणि शेंगेतला गर विषारी असतो, त्यामुळे लहान मुले असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि रस्त्यासाठी नर झाड मिळाले तर शेंगांचा प्रश्नच येत नाही. चिंच, बहावा आणि गुलमोहर ज्या शेंगा धरणाऱ्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड, आणि पानही गुलमोहरासारखेच दुहेरी पिसासारखे, फक्त कितीतरी मोठे, पाऊण मीटरपर्यंत वाढणारे. माझ्या निवडीत याचा वाटा होता हे मी लपवत नाही. पण खरी कारणे तिची मीठ, दुष्काळ आणि चुनखडीची माती सोसण्याची ताकद, तिच्यावर मोठ्या किडी-रोगांचा अभाव, आणि सबंध गल्लीत तिचे एकही झाड नसणे, ही होती.

हे शेवटचे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. फ्रँक सँटामूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक साधा दंडक सुचवला होता : शहरातील झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून अधिक, एका प्रजातीगटाची वीस टक्क्यांहून अधिक आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. माझ्या मते हा दंडकही सैल आहे. एशियन लाँगहॉर्न्ड बीटल हा भुंगेरा २००३ मध्ये टोरंटो आणि शेजारचे वॉन शहर यांच्या सीमेवर सापडला, तेव्हा त्याचे आवडते खाद्य मेपल होते आणि बर्च, विलो, पॉपलर, एल्म हेही त्याला चालत होते. म्हणजे एकच कीड एका दमात अनेक कुळे गिळू शकते. तो इथून निपटला गेला हे शहराचे भाग्य, पण त्यासाठी हजारो झाडे तोडावी लागली. तेव्हा शेजाऱ्याचे झाड सुंदर दिसते म्हणून तेच मागणे, ही रस्त्यावरच्या झाडाच्या बाबतीत चूक आहे.

आता लावणीविषयी. लावणीच्या आधी हिरवळीवर गॅस, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या रंगाने आखून गेल्या, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी तीन माणसांनी अर्ध्या तासात झाड लावले. खोड सुमारे पाच सेंटिमीटर जाड होते. खड्डा हुंडीपेक्षा, म्हणजे मुळांभोवती बांधलेल्या मातीच्या गोळ्यापेक्षा, दुपटीहून रुंद होता, पण खोली हुंडीच्या उंचीपेक्षा जराही जास्त नव्हती. हुंडी खड्ड्यात बसल्यावर त्यांनी वरची तारेची जाळी कापून काढली, गोणपाट खाली सारले, खोडाला बांधलेली सुतळी सोडली आणि मग हाताने वरची माती उकरून खोड जिथे पसरट होऊन मुळांत शिरते ती जागा उघडी केली. ती जागा जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटे वर राहील असे झाड ठेवून मगच त्यांनी माती लोटली. बाहेरची चांगली माती किंवा खत खड्ड्यात घातले नाही. जी निघाली तीच परत घातली, म्हणजे मुळांना खड्ड्यातच गोल फिरण्याचा मोह होत नाही.

मी हे इतके बारकाईने पाहत होते, त्याला कारण आहे. त्याआधी आम्ही मागच्या अंगणात एका खाजगी नर्सरीकडून रेड मेपल विकत घेऊन त्यांच्याच माणसांकडून लावून घेतला होता. पैसे पुष्कळ मोजले, झाडही दिसायला देखणे होते, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ते वाळले. आम्ही सगळा दोष थंडीला दिला होता. वाळलेले झाड खणून काढताना दिसले की मुळांची सुरुवात मातीखाली जवळजवळ वीतभर होती, खोडाची साल तिथे काळी पडून कुजली होती, आणि एक अंगठ्याएवढे जाड मूळ खोडाभोवती दोरीसारखा फास घालून बसले होते. माझे बाबा कोकणात आंब्याची कलमे लावताना आम्हा मुलांना बजावत असत की कलमाचा सांधा मातीत गाडायचा नाही, हुंडी फोडायची नाही आणि पायाने माती तुडवून बसवायची नाही. त्यांतली पहिली गोष्ट इथे दुसऱ्या रूपात लागू पडते हे मला तेव्हा सुचायला हवे होते. खांबासारखे सरळ जमिनीत शिरलेले खोड दिसले तर झाड खोल लागले आहे असे समजावे. निरोगी झाडाचा बुंधा तळाशी पायघोळ असतो.

शहरातील रस्त्यावरचे झाड थंडीने मरते हा समज मी या तीन वर्षांत पूर्ण सोडून दिला. जात त्या हवामानाची निवडली असेल तर उणे वीस अंश तिला काही करत नाहीत. झाड मरते ते तहानेने, मिठाने, खोल लावल्याने आणि खोडाला झालेल्या जखमांनी. हुंडी बांधून आणलेल्या झाडाची बहुतांश मुळे रोपवाटिकेच्या शेतातच तुटून राहिलेली असतात, आणि खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे ती पुन्हा पसरायला साधारण एक वर्ष लागते असा इथला अंदाज आहे. तेवढे दिवस पाणी आपण द्यायचे. झाड महापालिकेचे असले तरी रहिवाशाने पाणी घालावे अशी तिची अपेक्षा असते, आणि या सेवेची खरी किंमत हीच आहे.

पाण्यासाठी आम्ही खोडाभोवती चेनने लावायची हिरवी पिशवी विकत आणली. तिच्यात सुमारे ७५ लिटर पाणी मावते आणि तळाच्या दोन बारीक छिद्रांतून ते पाच ते नऊ तासांत झिरपते. पाच सेंटिमीटरच्या खोडाला आठवड्याला जवळजवळ तेवढेच पाणी लागते, त्यामुळे आठवड्यातून एकदा पिशवी भरली की काम होते. मे ते ऑक्टोबर असे चोवीस आठवडे धरले तर एका हंगामात १८०० लिटर पाणी झाले, आणि पहिल्या दोन वर्षांत आम्ही यात खंड पडू दिला नाही. पाइपने वरवर पाणी मारण्यापेक्षा पिशवी निश्चित चांगली, कारण पाणी वाहून न जाता खोल मुरते. तिचे दोषही सांगितले पाहिजेत. छिद्रे गाळाने बुजतात, तेव्हा पाणी उतरते आहे की नाही ते संध्याकाळी हात लावून पाहावे लागते. पिशवीखाली साल सतत ओली राहते, म्हणून महिन्यातून एकदा ती काढून खोडाला वारा लागू द्यावा. आणि नोव्हेंबरात ती उतरवलीच पाहिजे, नाहीतर तिच्या आडोशाला उंदीर येऊन साल कुरतडतात. तिसऱ्या वर्षी आम्ही पिशवी सोडून दिली, कारण मुळे आता हुंडीबाहेर गेली होती आणि पाणी खोडाशी नव्हे तर मीटरभर लांब हवे होते. त्यासाठी आपले साधे रुंद आळेच चांगले. माती कोरडी आहे की ओली हे पाहायला मी लांब स्क्रूड्रायव्हर वापरते. तो वीतभर सहज आत गेला तर पाणी पुरेसे आहे, अडला तर त्या दिवशी पाणी.

आळ्यावर लाकडाच्या चिप्सचे सात-आठ सेंटिमीटर जाड आच्छादन घातले आहे. इथे अनेक घरांसमोर हे आच्छादन खोडाला लावून वारुळासारखे रचलेले दिसते आणि ते पाहून मला दरवेळी वाईट वाटते. खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी. आच्छादनाचा दुसरा फायदा म्हणजे गवत कापायचे यंत्र खोडापाशी येत नाही. त्या यंत्राच्या नायलॉन दोरीने कोवळ्या सालीला सर्व बाजूंनी घाव बसला तर झाड त्याच हंगामात जाऊ शकते.

हिवाळ्याची काळजी थोडीच, पण चुकवून चालत नाही. पाने गळल्यानंतरही जमीन गोठेपर्यंत पाणी द्यायचे. खोडाला पांढरे वेष्टण घालायचे, कारण जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी नैर्ऋत्येचे ऊन कोवळ्या सालीला तापवते, आतल्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य मावळताच गोठून फुटतात. वसंतात ते वेष्टण आठवणीने काढायचे. मिठाचा त्रास मात्र सर्वांत मोठा आहे. मिठातले सोडियम मातीतील कॅल्शियमला हुसकावून तिची कणरचना मोडते, माती चिखल होऊन घट्ट बसते, आणि क्लोराइड मुळांवाटे चढून पानांच्या कडा करपवते. फेब्रुवारी २०२५ मधील लागोपाठच्या हिमवादळांनंतर शेजारचा ड्राइव्हवे साफ करायला आलेल्या एका खाजगी ठेकेदाराने मीठमिश्रित बर्फाचा ढीग आमच्या झाडाच्या बुंध्याशी लोटला. आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी फावड्याने तो हिरवळीवर पसरवला आणि मार्चअखेर जमीन सुटताच सलग तीन दिवस आळ्यात पाणी सोडून मीठ खाली धुवून काढले. आमच्या पायऱ्यांवर आम्ही आता मिठाऐवजी वाळू टाकतो.

कॉफीट्री निवडणाऱ्याने मे महिन्याची तयारी मनाने करून ठेवावी. हिवाळ्यात या झाडाकडे बारीक डहाळ्या जवळजवळ नसतात. उघड्या फांद्यांचे झाड, असाच तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ आहे. सगळी गल्ली हिरवी होते, चेरीचा फुलोरा येऊन झडतो, आणि आपले झाड काठीसारखे उभे असते. पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आई रोज विचारायची, "अगं, ते वाळलं तर नाही ना?" मीही धीर सोडत चालले होते. शेवटी एका फांदीवर नखाने तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडली, तर खाली ओला, काकडीसारखा हिरवा रंग दिसला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गुलाबी-तपकिरी पालवी फुटली. उशिरा फुटणे हा तिचा दोष नाही. मे महिन्यात अवचित पडणाऱ्या बर्फाळ दहिवरातून ती त्यामुळेच सुटते.

झाड रुजले की नाही याची खात्री करण्याची एक रीत इथे सांगते. डहाळीवर वर्षा-वर्षाच्या वाढीच्या सांध्याशी बारीक वळ्या असतात, आणि दोन वळ्यांमधले अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ. आमच्या झाडाच्या शेंड्याकडच्या डहाळीवर पहिल्या उन्हाळ्याची वाढ चार सेंटिमीटर आहे, दुसऱ्याची सात आणि तिसऱ्याची एकतीस. पट्टी लावून हा तिसरा आकडा वाचला त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो शब्दांत मांडता येत नाही.

सेवेची मर्यादा म्हणजे ती रस्त्याच्या पट्ट्यापुरती आहे. मागच्या अंगणासाठी लीफ ही टोरंटोतील संस्था सवलतीच्या दरात देशी झाडे लावून देते, तिच्याकडे जावे. महापालिकेचे झाड आपल्या मनाप्रमाणे छाटता किंवा काढता येत नाही, कारण रस्त्यावरचे प्रत्येक झाड, कितीही लहान असले तरी, शहराच्या नियमाने संरक्षित आहे. छाटणी तेच करतात. मला यात अडचण न वाटता उलट निश्चिंती वाटली, कारण उद्या आम्ही घर विकले तरी नव्या मालकाला ते सहज तोडता येणार नाही. शहराला आपले वृक्षछत्र ४० टक्क्यांवर न्यायचे आहे. २०१८ च्या पाहणीत ते २८ ते ३१ टक्क्यांच्या दरम्यान भरले होते. ज्यांना पहिली दोन-तीन वर्षे दर आठवड्याला पाणी घालणे शक्य आहे, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. ज्यांना उन्हाळ्यात दोन-दोन महिने भारतात जायचे असते, त्यांनी आधी शेजारी पाण्याची सोय लावावी आणि मग फोन करावा.

गेल्या महिन्यात आमच्या पलीकडचे तमिळ आजोबा आळ्याजवळ उभे राहून झाडाचे नाव विचारत होते, आणि आपल्या घरासमोरही हेच मागावे असे त्यांच्या मनात होते. मी त्यांना हॅकबेरी मागायला सांगितले. त्यांच्याकडेही तारा नाहीत, माती आमच्यासारखीच घट्ट आहे, आणि गल्लीत हॅकबेरीचे झाड अजून एकही नाही.